फक्त वाचायची डिस्क

सकाळी सव्वानऊला सतरा नंबरच्या कॉम्प्युटरमधली जर्मन बाई बोलता बोलता अडखळली. “गुटन मॉर्, मॉर्, मॉर्” करत उचकी लागल्यासारखी थांबली ती थांबलीच. ॲनी टीचरने कानावरचा हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला.

गोखिवऱ्याच्या त्या परीक्षा केंद्रात अठ्ठेचाळीस कॉम्प्युटर होते आणि त्यांतल्या एकालाही स्वतःची डिस्क नव्हती. आतल्या खोलीत सर्व्हर, त्यात एकच डिस्क, आणि प्रश्न असोत, चित्रं असोत की ऐकायच्या चाचणीतले आवाज, सगळ्यांनी तिच्यातूनच वाचायचं. अकरा वाजता जर्मनीला निघालेल्या नर्सेसची भाषेची परीक्षा होती. मुली आत्ताच येऊन खाली जिन्यात बसल्या होत्या आणि कागदात बघून घशातून खर्र खर्र आवाज काढत होत्या. जिची परीक्षा मध्येच कोलमडेल तिला पुढची तारीख सहा महिन्यांनी मिळणार होती, आणि तिकडचं हॉस्पिटल सहा महिने कुणासाठी थांबत नाही.

ॲनी टीचर उमेळ्याची. सत्तावीस वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाली, आणि जुना विद्यार्थी उमंग तिला आपल्या केंद्रात घेऊन आला. मालक तो, पण तो तिला ‘टीचर’ म्हणे आणि ती त्याला अरे-तुरे करी. शाळेतून येताना तिने दोन गोष्टी आणल्या होत्या, एक वहीएवढा फळा आणि दुसरा संशय. “सेव्ह झालं म्हणजे झालं का रे? उघडून बघितलंस?” हे तिचं वाक्य उमंग तिच्याच नाकातल्या सुरात म्हणून दाखवायचा, तेही तिच्या तोंडावर.

त्या संशयापोटी ती रोज डिस्कचा ठसा काढी. सगळी डिस्क वाचून सर्व्हर अंक आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला एक लांबलचक आकडा देतो, आणि डिस्कवरचं एक अक्षर जरी हललं तरी तो बदलतो. त्याची शेवटची सहा अक्षरं ती फळ्यावर खडूने लिहून ठेवी. आजही साडेआठला, एकही कॉम्प्युटर चालू करण्याआधी, तिने लिहिली होती. आता तिने पुन्हा ठसा काढला.

सहाच्या सहा वेगळी.

उमंगने खांदे उडवले. डिस्क रीड-ओन्ली ठेवलीय, सगळे फक्त वाचतायत, मग लिहिणार कोण, भूत? असं म्हणता म्हणता त्याची नजर दारातल्या हरिश्चंद्रकडे गेली. मिठागराकडच्या गावातला हा वॉचमन रोज सकाळी सर्व्हरच्या खोलीत केर काढायचा. काका, कशाला हात लावलात का, उमंगने विचारलं. आवाज सरळ होता, पण प्रश्न सरळ नव्हता. हरिश्चंद्रने झाडू भिंतीला टेकवला आणि तो टीचरकडेच बघून मान हलवत राहिला.

टीचरने तोवर सर्व्हरची नोंद उघडली होती. काल संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, उमंगने पाठवलेल्या परीक्षेच्या फायली डिस्कवर चढत असताना, नोंद अर्ध्यावरच तुटली होती.

“काल लाइट गेली होती का, हरिश्चंद्रभाऊ?”

“गेली नाय, बाय. मी मेन बंद केला,” तो म्हणाला. “एशीतून पानी गलत होता, थेट बोर्डावर. सायबांना फोन केलेला.”

उमंगचा चेहरा बघण्यासारखा झाला. फोन आला होता. काका म्हणाले होते, पानी गलत आहे. त्याला वाटलं प्यायच्या पाण्याचा जार चुकीचा आला, म्हणून त्याने “उद्या दुसरा मागवतो” म्हणून फोन ठेवला होता.

हसायला वेळ नव्हता. पावणेदहा होत आले होते.

टीचरला आता सगळं दिसलं. ईएक्सटी-फोर या पद्धतीने मांडलेली डिस्क स्वतःपाशी एक रोजनिशी ठेवते. मध्येच वीज गेली की अर्धवट काम तिच्यात नोंदलेलं राहतं, आणि पुढे जो कोणी डिस्क उघडतो तो आधी ते काम उरकतो. मग तो फक्त वाचायला आलेला का असेना. एखादी पाहुणी घरात पाऊल टाकताच ‘राहू दे गं’ म्हणेपर्यंत खरकटी भांडी घासायला बसते, तसं. इथे अठ्ठेचाळीस पाहुण्या एकाच मोरीत घुसल्या होत्या.

आतापर्यंतची बंदी प्रत्येक कॉम्प्युटरने आपापली पाळायची होती. आता तिने सर्व्हरकडूनच लिहायला बंदी घातली आणि सतरा नंबर पुन्हा चालू केला. पडद्यावर ओळ आली. आधी राहिलेलं काम पुरं करायचं आहे, लिहू दिलं नाही तर डिस्क उघडणार नाही.

उमंगचं म्हणणं होतं की डिस्क दुरुस्त करावी, दहा मिनिटांचं काम, आणि सतरा नंबर बंद ठेवावा. टीचर म्हणाली, सतरा नंबर ऐकला म्हणून कळला, बाकीचं काय काय फाटलंय ते परीक्षेतच कळेल. पर्स उघडून तिने रुमालात गुंडाळलेली छोटी डिस्क काढली. मूळ फायलींची स्वतःची प्रत. त्यातून सगळं स्क्वॉशएफएसमध्ये नव्याने बांधायचं. त्या पद्धतीत रोजनिशी नाही आणि लिहायला जागाही नाही, सगळं दाबून एकदाच शिवलेलं गाठोडं. लागणार पस्तीस मिनिटं, आणि चुकलं तर दुसऱ्यांदा करायला वेळ नाही.

“मी महिन्यापूर्वीच म्हटलं होतं हे,” ती म्हणाली.

“टीचर, त्यात नंतर काही चेंज करता येत नाही ना.”

“म्हणूनच म्हटलं होतं.”

मालक तो होता. त्याने घड्याळाकडे बघितलं, खाली जिन्यातली खर्र खर्र ऐकली, आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

आकडा टक्क्या-टक्क्याने चढत होता. एकसष्टवर तो इतका वेळ बसला की उमंग नखं सोडून बोटंच खायला लागला. टीचर खडू या हातातून त्या हातात करत होती. दहा अठ्ठावीसला गाठोडं बांधून झालं. तिने ठसा फळ्यावर लिहिला, लिहायची बंदी तशीच ठेवली आणि अठ्ठेचाळीस कॉम्प्युटर एकदम चालू केले. सतरा नंबरची बाई पूर्ण ‘मॉर्गन’ म्हणाली आणि पुढेही बोलत राहिली. पण तेवढ्यावर दार उघडणाऱ्यांतली टीचर नव्हती. तिने पुन्हा ठसा काढला, आणि पडद्यावरून नजर हलवायची नव्हती म्हणून हरिश्चंद्रला फळा वाचायला सांगितलं.

“तीन,” हरिश्चंद्र म्हणाला.

“हं.”

“यफ.”

“हं.”

“आट. शी.” मग तो थांबला, कारण खडू जरा फिसकटला होता. उमंग भिंतीकडे तोंड करून उभा होता. “शून्य.”

“हं.”

“पाच.”

टीचरने ते पाच बोट लावून दोनदा बघितलं. मग चष्मा काढून म्हणाली, “घ्या मुलींना वर.”

मुली ओळीने येऊन बसल्या तेव्हा उमंगच्या लक्षात आलं की स्वागताच्या पानावर गेल्या वर्षीचीच तारीख राहिली आहे. त्याने टीचरकडे बघितलं. तिने नुसती मान हलवली. त्या डिस्कवर आता कुणालाच काही लिहिता येणार नव्हतं, मालकालाही.

अकराला परीक्षा सुरू झाली. बाहेर पॅसेजमध्ये उमंग एसीवाल्याला दबक्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करून सांगत होता, “गलत नाही हो. गळतंय. बाळातला ळ.”

मागे हरिश्चंद्र बादली घेऊन उभा होता. “तेच तर मी बोललो,” तो म्हणाला.