व्याह्याच्या घरात सुतार

आमचे वडील म्हैस विकत घेताना सकाळ-संध्याकाळ धार काढून बघितल्याशिवाय तिच्या दाव्याला हात लावत नसत. घर मात्र त्यांनी न बघता घेतलं. का, ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि आता म्हातारपणी सांगायला कुणाची भीड उरलेली नाही.

कापडाला सरकारी कंट्रोल होता त्या वर्षांतली गोष्ट. शेवगावकडच्या एका गावात आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. वडील शिवणकाम करायचे. थोरली बहीण गावातच दिली होती, मी लग्नाची होते. बहिणीचे सासरे नगरला दुकान टाकून बिऱ्हाड तिकडे हलवणार होते. गावातलं घर ते वडिलांना द्यायला तयार झाले. घर धाब्याचं होतं, म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर.

“मिरगाच्या आदी धाब्यावर नवी माती टाकायचं एक साल चुकवलं न्हाई,” सासरे मोठ्या ऐटीत सांगायचे. वडील खूश. घराची निगा म्हणतात ती हीच! जुनी माती खरवडून नवी टाकली की जुनीवरच चढवून भार वाढवत गेले, एवढं विचारायचं कुणाला सुचलं नाही. माती पडली म्हणजे घर राखलं, असंच आमच्याकडे सगळे धरून चालायचे.

बोलणी करायला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा आईचं लक्ष तुळयांवर होतं. त्यांना नुकतंच डांबर फासलं होतं. तिने बहिणीला चुलीपाशी गाठून हळूच विचारलं, “खरं सांग, घर कसं हाय?” बहिणीने माजघराकडे बघितलं. तिथे सासू बसली होती. “चांगलं हाय की,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती बिचारी?

घरी आल्यावर आई वडिलांना म्हणाली, “सुताराला दावू या. तुळ्या टोचून बघंल.”

“येडी का खुळी तू? शिंगणापुरात लोकं दारं न लावता झोपत्यात, आन् तू व्याह्याच्या घरात सुतार नेती? त्ये काय म्हंतील?”

“म्हशीची धार काढून बघता न्हवं?”

“म्हस इकणाऱ्याच्या घरात आपली लेक नांदत न्हाई.”

आईने ऐकलं नाहीच. तिने परस्पर सुताराला निरोप धाडला. तो हत्यारांची पिशवी घेऊन नेमका आला तेव्हा वडील सासऱ्यांबरोबर त्याच घराच्या ओट्यावर पान खात बसले होते. वडील घाईने उठले. “आरं, मशीनचा पाट मोडलाय त्यो आमच्या घरी. हिकडं कुठं आलास?” सुतार मुकाट आमच्याकडे आला आणि धडधाकट पाटाला खिळे ठोकून गेला. त्या दिवशी मी हसले होते.

राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या भादव्यात झड लागली. धाब्यावरची माती पाणी पीत राहिली. दुपारी आई माजघरात डाळ निवडत होती, मी परसात भांडी घासत होते. आवाज फार मोठा झाला नाही. भरलेलं पोतं खाली टाकावं तसा झाला. माती इतकी ओली की धूळसुद्धा उठली नाही. लोक फावड्यांनी ओढत होते तरी ती संपेना. मोडकी तुळई मी एकटीने उचलून बाजूला केली. डांबराच्या आत वाळवीने नुसता भुसा ठेवला होता. आईला बाहेर काढलं तेव्हा तिच्यात जीव नव्हता. तिचं तोंड मी पदराने पुसलं, पण कानांतली माती काही केल्या निघेना.

बहिणीला घेऊन सासरे नगरहून आले. बहीण भिंतीशी बसून रडत होती. सासरे पाणी प्यायले आणि वर उघड्या पडलेल्या आभाळाकडे बघत म्हणाले, “पाव्हणं, घर घेताना मानूस बघून घेतो. तुमी सुताराला दावलंसुदिक न्हाई?”

कोपऱ्यातलं फावडं उचलून त्यांच्या डोक्यात घालावं असं मला वाटलं. आजही वाटतं. मी वडिलांकडे बघितलं. आता तरी ते बोलतील, निदान एक शब्द.

वडिलांनी हात जोडले.

“चुकलंच आमचं, पाव्हणं,” ते म्हणाले. “पोरीला तेवढं सांभाळा.”