शेडनेटमधली डोमकळी

कॉलेजची सहल नागपूरला कापसाच्या संशोधन संस्थेत जाणार होती. पांढरकवड्याच्या बसस्टँडवर सोडताना बाबांनी एकच सांगितलं, "तिथं कशालेच हात लावू नको, माय." आमच्या घरातलं कोणी कधी अशा जागी गेलेलं नव्हतं. मी अख्खा प्रवास हात ओढणीत गुंडाळून बसले.

गेटवर सरांनीही तेच बजावलं. आमच्या कॉलेजला पहिल्यांदाच आत घेतलं होतं. काही बिघडलं तर पुढच्या बॅचला परवानगी मिळाली नसती. प्रयोगशाळेत मी काचेच्या बाटल्यांपासून हातभर लांब उभी राहिले. प्रश्न विचारायचीही भीती वाटत होती.

शेडनेटमध्ये आलो तेव्हा जरा बरं वाटलं. घरच्यासारखीच कापसाची पऱ्हाटी, फक्त प्रत्येक झाडाला नंबरची पट्टी. तिथल्या मॅडम पुढे समजावत होत्या, मी सगळ्यात मागे. बावीस नंबरच्या झाडावर मला डोमकळी दिसली. गुलाबी बोंडअळी आत शिरली की फूल उमलत नाही, पाकळ्या मिटून राहतात, अशा कळीला आम्ही डोमकळी म्हणतो. वावरात चालताना ती दिसली की तोडायची, हे मला कोणी शिकवल्याचंही आठवत नाही. आई ओटीत गोळा करून वावराच्या कडेला धुऱ्यावर जाळते.

मी ती तोडली. तोडल्याचं कळलं तेव्हा मॅडम सांगत होत्या की या झाडांवर अळ्या मुद्दाम सोडल्यात आणि दर आठवड्याला एकेक डोमकळी मोजली जाते.

शेजारच्या मैत्रिणीनं पाहिलं होतं. "फेकून दे ना गपचूप," ती कानाशी म्हणाली, "कोण पाहून राह्यलं?" पण फेकली तर मोजणी चुकणार होती, आणि सांगितलं तर आमच्या मागून येणाऱ्यांची वाट बंद. जेवताना मी डावी मूठ मांडीवर तशीच ठेवली. आत काहीतरी वळवळल्यासारखं वाटत होतं. भाजीची चव कळली नाही.

बस सुटायच्या आधी मी मॅडमकडे गेले. मूठ उघडताना बोटं आखडली होती.

"बावीस नंबरची आहे, मॅडम. मी तोडली."

फूल चुरगळलं होतं. अळी जिवंत होती. मॅडमनी अळी एका छोट्या बाटलीत टाकली, किती वाजता तोडली ते विचारलं आणि रजिस्टरमध्ये बावीसपुढे लिहून घेतलं. त्यानंतर त्यांनी सरांना बाजूला बोलावलं. मला फक्त सरांची पाठ दिसत होती.

पांढरकवड्याला बसमधून उतरताना सर म्हणाले, "पुढच्या वर्षी या म्हणाल्या. पण दारातच सांगणार आहेत, डोमकळी तोडायची नाही."

बाबा स्टँडवर उभेच होते. गाडीला किक मारायच्या आधी त्यांनी विचारलं, "कशाले हात तर नाही लावला ना?"

"लावला," मी म्हणाले, आणि मग मला रडू आलं.