आधी लाइन साफ होऊ दे

अमरावतीच्या राजापेठेत देवानंदचं हारफुलांचं दुकान आहे. लग्नाचे हार, नव्या गाडीच्या माळा, गणपतीच्या कंठ्या, सगळं तिथं मिळतं. माणूस माळ्याच्या घरचा. बार्शीटाकळीला बापाची फुलबाग होती, तेव्हा शेवंती आणि निशिगंध त्याच्या आधीपासूनच घरात. पण देवानंदला फुलाचा वास आला काय नि न आला काय, सारखंच. देवानं सगळी बरकत त्याच्या कानांना दिली होती. हार ओवता ओवता तो समोरच्या दुरुस्तीवाल्याला ओरडून सांगायचा, "बापू, त्या मिक्सरची बेअरिंग गेली, पाह्य," आणि खोलून पाहिलं तर बेअरिंगच गेलेली असायची. अशा माणसाशी संसार करणं म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला, जमुनेला विचारावं. आता विचारून उपयोग नाही, तिला सांगता येत नाही, आणि तीच ही गोष्ट आहे.

दुकानाच्या वर घर. त्या घरातली एक चांगली, मोठी खोली देवानंदनं गाणी ऐकायला म्हणून अडवली होती. पाहुणे आले तर स्वयंपाकघरात झोपत, पण त्या खोलीत कोणाची वळकटी गेली नाही. आत ॲम्प्लिफायर, तबकडी वाजवायचं यंत्र, छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर, आणि भिंतभर जुन्या बैठकींच्या तबकड्या. सकाळी फुलांच्या हर्राशीत, म्हणजे लिलावात, माल घेऊन, दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की देवानंद वर यायचा आणि डोळे मिटून बसायचा. एवढं सुख असताना माणसानं सुखी असावं की नाही? पण नाही. गाणं सुरू व्हायच्या आधी स्पीकरमधून घूं असा एक बारीक आवाज यायचा. दुसऱ्या कोणाला तो ऐकू येत नसे. देवानंदला त्याच्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नसे.

दोष यंत्राचा नव्हता, विजेचा होता. राजापेठेत एका डीपीवर किती दुकानं, किती फ्रीज, किती मोटारी! प्रत्येकाचा कचरा तारेतून याच्या ॲम्प्लिफायरात येऊन पडायचा. मग देवानंदनं विजेशीच दावा मांडला. आधी स्टॅबिलायझर आणला. मग मीटरपासून खोलीपर्यंत वेगळी वायर ओढली. मग मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरला. आपली काळी जमीन उन्हाळ्यात अशी तडकते की अख्खा हात आत जावा. खड्डा सुकला की अर्थिंग गेलं, आणि अर्थिंग गेलं की घूं परत हजर. म्हणून नळाला एक दिवसाआड पाणी असतानाही धुण्याचं पाणी बादलीत राखून जमुना रोज त्या खड्ड्याला घालायची. शेजारची साधना हसायची, "वहिनी, लोकं तुळशीले पानी घालतात, तुमी करंटले घालून राहिल्या." जमुनाही हसायची.

कूलरचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. कूलरची मोटार चालू झाली की स्पीकर खरखरायचा, म्हणून ऐकताना कूलर बंद. अमरावतीच्या वैशाखात, भर दुपारी, कूलर बंद करायला लावणाऱ्या नवऱ्याला काय म्हणावं, हे जमुनेनं कधी तोंडावर म्हटलं नाही. ती फरशीवर ओला पंचा टाकून त्यावर पडून राहायची. देवानंदला ते दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल.

देवानंदचा एकच जानी दोस्त, अकोल्याचा किशोर. लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचा त्याचा धंदा, पण घरी त्यालाही हेच वेड. त्यानंच एकदा पॉवर कंडिशनरचं काढलं.

"भाऊ, तुमी नुस्ता ताप वाढवून राहिले," किशोर म्हणाला. "स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळते, बस. लाइनमंदली घाण थो काढत नाई. कंडिशनर काढते. पेटीच हाय जडशी, यंत्राच्या आंधी लावाची. इकून गढूळ लाइन गेली का तिकून साफ निंघते."

"फरक पडते का पन?"

"माह्या घरी या अन् आयका."

देवानंद अकोल्याला गेला, ऐकून आला, आणि जेवताना त्याचं पानावर लक्ष नव्हतं. गवई आलाप संपवून श्वास घेतो, तो श्वास त्यानं ऐकला होता. त्या दिवसापासून घरात एकच जप: कंडिशनर. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हारावर हार ओवून मोल जमवायला वेळ लागतोच. तेवढ्यात भादवा आला.

भादव्याच्या पुनवेला भुलाबाई माहेरी येतात आणि कोजागिरीला सासरी परततात. तो महिनाभर संध्याकाळी पोरीबाळी पाटावर मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडून टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकल्या डब्यातला खाऊ ओळखतात. राजापेठेतल्या पोरी आता संध्याकाळी ट्यूशनला जातात, त्यामुळं पोरींच्या आयाच जमुनेकडं जमत. कारण जमुनेजवळ एक गाणं होतं, जे दुसऱ्या कोणाजवळ नव्हतं. तिचं माहेर अंजनगाव सुर्जीचं, पानमळेवाल्यांचं. तिच्या आजीनं विड्याची पानं खुडता खुडता रचलेलं ते लांबलचक गाणं: भुलाबाई सासरहून निघते, वाटेत पानमळा लागतो, मळेवाली तिला आत घेते, आणि मग एकेका वेलीपाशी ती आपलं एकेक दुःख सांगत जाते. आजीकडून आईला आणि आईकडून जमुनेला आलेलं. जमुनेला बहीण नव्हती. म्हणजे ते गाणं साऱ्या जगात तिच्या एकटीच्या गळ्यात उरलं होतं.

त्यांची लेक गीतांजली अकोल्याला दिलेली. त्या वर्षी ती दसऱ्यानंतर माहेरी आली ती हेच मनात घेऊन.

"बाबा, आईचं पानमळ्याचं गानं भरून ठेवू. तुमच्याजवळ एवढं सामान हाय, त्याचा एखांदा तं उपेग होऊ द्या."

देवानंदला पटलं. नुसतं पटलं नाही, अंगात आलं. नवरात्र आणि दसरा म्हणजे झेंडूवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नाही, पण ते आटोपलं होतं आणि कोजागिरी तोंडावर होती. त्यानं खोली झाडली, माइक मांडला, फ्रीज बंद केला, पंखा बंद केला, जमुनेला खुर्चीवर बसवलं. त्या खोलीत खुर्चीवर बसायची तिची ती पहिलीच वेळ. ती लाजली, पदर सावरला आणि गाऊ लागली. पहिलं कडवं झालं असेल नसेल, कानाला हेडफोन लावलेल्या देवानंदनं हात वर केला.

"थांब, थांब. घूं येऊन राहिली."

"मले तं नाई येत आयकू," जमुना म्हणाली.

"तुले नाई येनार. जमुने, असं गानं असं घान लाइनवर भरलं तं पाप लागन. कंडिशनर येऊन राहिला. आधी लाइन साफ होऊ दे."

गीतांजलीनं पर्समधून मोबाइल काढला. "तं मंग मी याच्यावर भरते. हा तं बॅटरीवर चालते बाबा, याले कुठची लाइन अन् कुठची घान?"

देवानंदनं तिचा हात धरला. खरंच धरला. "ठेव थो डबडा. त्याचा आवाज म्हंजे टिनाच्या छतावर चणे. आईचं गानं काय असं भरतेत? एकदाच भराचं, पन असं भराचं का तुह्या नातवंडाईनं आयकावं." आणि जे कडवं भरलं गेलं होतं, तेही त्यानं पुसून टाकलं.

यात प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. प्रेमच होतं, पण ते डोळे मिटून बसणाऱ्याचं प्रेम होतं.

कंडिशनर आला तो कोजागिरी उलटल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण घोडं होतं मात्र अस्सल. पेटी जोडली, खटका दाबला, आणि स्पीकर असा गप्प झाला की देवानंद घाबरून वायरी तपासू लागला. तबकडी लावली तेव्हा तंबोऱ्याची एकेक तार वेगळी उभी राहिली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तसाच स्वयंपाकघरात धावला.

"चाल, बस खुर्चीवर. आता म्हन पानमळ्याचं."

जमुना भाकरी थापत होती. "आता कसं म्हनू? भुलाबाई सासरी गेल्या."

"गेल्या तं गेल्या. गानं तं हाय ना तुह्याजवळ."

"नाई जी. माहेरपन आटपून पोरगी सासरी गेली, का तिले मांगून हाका मारत नाई. माही माय बी नसे म्हनत, आजी बी नसे. पुढच्या भादव्यात भरू. मी कुठं पळून चालली?"

तो चिडला, दोनदा विनवलं, मग तबकड्यांकडं वळला. पूर्ण हिवाळा त्यानं त्या साफ विजेवर चैन केली. किशोर येऊन ऐकून गेला आणि म्हणाला, "भाऊ, विदर्भात असा आवाज नसन." देवानंदला ते खरं वाटलं, आणि बहुधा खरंही असेल.

संक्रांत झाली आणि एका सकाळी दुकानात हार ओवताना जमुनेच्या बोटांतून सुई गळाली. तिनं उचलली, परत गळाली. देवानंद म्हणाला, "झोप झाली नाई वाटते." तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ओठ एका बाजूला ओढला गेला. दवाखान्यात नेलं, दिवस काढले, जीव वाचला. उजवा पाय हळूहळू चालू लागला, हातही उचलू लागली. शब्द मात्र गेले. समजायचं सगळं. नाव घेतलं की वळून पाहायची, विनोदाला हसायची. पण बोलायला गेली की मोजके दोनतीन शब्द यायचे, तेही भलत्याच वेळी. पाणी हवं असलं तरी तोंडून "फुलं" यायचं, आणि आपण चुकीचं बोललो हे कळून ती मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले, सराव करवा, बोलत राहा, येतील.

देवानंदनं सराव करवला. रोज शेजारी बसून एकेक वस्तू दाखवली, एकेक नाव म्हणवलं. उन्हाळाभर कूलर चालू ठेवला. तो चालत असताना तबकडी लावावीशी त्याला एकदाही वाटली नाही. मनात एकच हिशेब चालायचा: भादव्यापर्यंत येतील, भादव्यापर्यंत तिचे शब्द परत येतील.

भादवा आला. शब्द आले नव्हते. गीतांजली अकोल्याहून भुलाबाई-भुलोजी घेऊन आली, साधना आणि दोघीतिघी शेजारणी आल्या. पाट त्या मोठ्या खोलीतच मांडला. देवानंदनं माइक लावला, कंडिशनरचा खटका दाबला आणि रेकॉर्डिंग चालू करून कोपऱ्यात बसला. बायकांनी सगळ्यांना येणारी गाणी म्हटली. जमुना खुर्चीत बसून डाव्या हातानं ताल धरत होती.

मग अचानक तिनं स्वतःच चाल उचलली. पानमळ्याची. शब्द एकही नाही, नुसती चाल, पण जशीच्या तशी, एकही वळण न चुकता. गीतांजलीनं डोळे पुसले आणि त्या चालीवर शब्द घालू लागली. भुलाबाई सासरहून निघाली, वाट चालली, पानमळ्याच्या फाटकाशी आली. तिथं गीतांजली अडली.

"पुढचं नाई येत मले," ती म्हणाली. "लहानपनी इथवर आलं का माहं ध्यान खाऊच्या डब्याकळे जाये."

जमुना थांबली नाही. चाल फाटकातून आत गेली, पहिल्या वेलीपाशी गेली. ती एकेकीच्या तोंडाकडं पाहत होती, शब्द घाला म्हणून. साधनेनं मान हलवली. शेजारणींनी मान हलवली. मग जमुनेनं हात लांब केला तो देवानंदकडं. बरोबरच होतं तिचं. सगळ्या बायका कधी यायच्या, कधी नाही. पण दरवर्षी, बहुतेक संध्याकाळी, घरात असायचा तो एकटा. आणि कान तर त्याच्यासारखे राजापेठेत कोणाला नव्हते.

"बाबा, तुमीच सांगा," गीतांजली म्हणाली. "तुमी तं इतके साल आयकलं. पहिल्या वेलीजवळ काय म्हनते भुलाबाई?"

देवानंदनं आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं. त्याला तिचा आवाज आठवत होता. सर्दी झाली की तो कुठं चिरकायचा तेही आठवत होतं. शब्द आठवत नव्हते, कारण ते त्यानं कधी ऐकलेच नव्हते. टिपऱ्यांचा गोंगाट नको म्हणून त्या संध्याकाळी तो याच खोलीत आतून कडी घालून, दाराच्या फटीला गोधडी लावून बसत असे.

ते रेकॉर्डिंग आजही आहे. किशोरनं ऐकलं, आणि त्यालाही त्यात बोट ठेवायला जागा सापडली नाही. घूं नाही, खरखर नाही. जमुनेची चाल आहे, गीतांजलीचं अर्धं गाणं आहे. आणि शेवटी देवानंदचा आवाज येतो, अगदी साफ:

"मी दार लावून बसत होतो, पोरी. मले त्यातली एक बी ओळ येत नाई."