गुडघाभर पाणी

आमच्या भागात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा. माझं सासर चकलांब्याच्या बाजूला, गंगेच्या अलीकडं, माहेर पलीकडं. दोन्ही काठ निजाम सरकारचेच, त्यामुळं मधे ना नाका होता, ना हद्द, ना अडवणारा जवान. मला अडवलं ते चालीनं. पोटुशी बाईनं नदी ओलांडू नये, पोटातल्या जिवाला धोका असतो म्हणतात. तो धोका कुणी पाहिलाय, ते मात्र कुणी सांगत नाही.

मला सातवा महिना लागला होता, पहिलंच. चैत्र सरत आला आणि निरोप आला: आईनं अंथरूण धरलंय, लेकीला एकदा बघायचं म्हणते. मी भाकरी थापत होते. तव्यावरची तशीच करपली. सासूबाई वाईट नव्हत्या, पण चालीच्या पक्क्या. त्यांनीच तोडगा काढला. भावानं आईला बाजेवर घालून गंगेच्या त्या काठाला आणावं, मी गाडीनं ह्या काठाला जावं आणि मायलेकींनी लांबून एकमेकींना बघावं.

"पाण्याला पाय लावायचा न्हाई," त्यांनी बजावलं. "लावलास तर लेकरू तुजं न्हाई, गंगेचं."

घरधनी पाटलाच्या गाड्यांबरोबर परमुलखात गेलेले. सासूबाईंच्या मागं गुरं. म्हणून गाडी हाकायला सासरे निघाले.

सासऱ्यांची नि माझी बोलाचाली नव्हती. भांडण नव्हे, रीतच तशी. सून सासऱ्यापुढं तोंड उघडत नसे आणि सासराही सुनेशी थेट बोलत नसे. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी त्यांनी मला एक शब्द विचारलेला नव्हता. काही सांगायचंच असलं तर ते बैलांना सांगत. एक तांबडा होता, एक बांडा.

"तांबड्या, ऊन तापायच्या आत रान मागं टाकायचं हाय बाबा. बसणाऱ्यानं धरून बसावं."

मग मी दुसऱ्याला सांगायची, "बांड्या, दगडावरनं जरा हळू. पोटात हिसका बसतो." बैल बिचारे दोघांचंही ऐकून घेत.

गावाची शीव संपली की गंगेपर्यंत नुसतं रान. बाभळी, बोरी, हिवर, आणि मधून गाडीची चाकोरी. काळविटांचा एक कळप आमच्या पुढून उड्या मारत गेला. थोडं पुढं एक लांडगा चाकोरीतच उभा राहिला, जीभ बाहेर काढून. बैल फुरफुरले. सासरे खाली उतरले आणि तांबड्याची वेसण धरून उभे राहिले.

"त्यालाबी तहानच लागली आसंल," ते म्हणाले. "जाऊ द्या त्याला त्याच्या वाटंनं."

लांडगा गेला. मला त्याचा हेवा वाटला. तो गंगेकडंच चालला होता आणि त्याला कुणी काही विचारणार नव्हतं.

भर उन्हात एका बाभळीखाली गाडी सोडली. भाकरी होती, कांदा होता, पण घास उतरेना. आई आत्ता काठावर पोचली असेल का, की उन्हात तिला आणताच आलं नसेल, एवढंच डोक्यात. सासऱ्यांनी बैलांपुढं कडबा टाकला. "बांड्या, खाऊन घे. तुला दोघांचं खायचं हाय." मला हसू आलं. त्या दिवसातलं तेवढंच.

दुपार कलली तेव्हा वाळू दिसली. पांढऱ्या वाळूचा पसारा, भोयांच्या टरबुजाच्या वाड्या आणि मधून पाण्याची एक पट्टी. वाडीतली एक शेळी ती पट्टी ओलांडत होती. तिच्या पोटाला जेमतेम पाणी लागत होतं. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिला नदी म्हणायचं?

पलीकडं बाज होती. भाऊ तिच्यावर घोंगडीची सावली धरून उभा होता. बाजेवर काहीतरी पांढरं, एवढंसं. माझी आई थोराड बाई. भरलेल्या घागरी डोक्यावर घेऊन चढ चढायची. मी त्या एवढ्याशा पांढऱ्यात तिला शोधत राहिले.

भावानं तिला उठवून बसवलं. वारा उलटा होता, त्याची हाक तुटत तुटत आली. "आई इचारती... पोट दिसाय लागलं का म्हून!"

"लई दिसतंय!" मी ओरडले. तिला ऐकू गेलं नसावं, मान हलेना. तेव्हा मी डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला आणि एका अंगानं वळून उभी राहिले, तिला पोट नीट दिसावं म्हणून. सासऱ्यांदेखत. मग लाज वाटून मागं बघितलं, तर ते बैलांकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ फिरवून उभे होते.

आईनं हात वर केला. तो पडला. तिनं पुन्हा केला. तिथनंच ती माझं पोट चाचपत होती. मला राहवेना. मी चालत सुटले. वाळू पोळत होती, आणि मग एकदम पायांना गार लागलं.

"पोरी, थांब."

बैलांना नव्हे, मला. आवाजात दरडावणी नव्हती, विनवणी होती. मी थांबले. चालीला भिऊन नव्हे. ज्या माणसानं कधी हाक मारली नव्हती त्यानं ती मारली, म्हणून पुढचा पाय उचलला नाही. आज वाटतं, त्यांनी हाक मारायला नको होती. पाणी गुडघाभर होतं हो. गुडघाभर.

आई आडवी झाली. भोयांनी हात लावला, बाज भावाच्या गाडीवर चढली, आणि गाडी पलीकडच्या झाडीत गेली. परतताना मी गुडघ्यांत तोंड घालून रडत होते. सासरे एवढंच बोलले, "तांबड्या, सावकाश. घाई कसली न्हाई आता."

अमावास्येच्या आत आई गेली.

मृगानंतर मी बाळंत झाले. मुलगी होती. ती रडलीच नाही. सासूबाईंनी तिला फडक्यात गुंडाळलं. त्यांचेही डोळे वाहत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांग. पाण्याला पाय लावला हुतास का?"

मी हो म्हणणार होते. आता कशाची भीती राहिली होती? तेवढ्यात दाराबाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. बैल रानात चरायला गेले होते, मधे सांगायला कुणी नव्हतं.

"ती गाडीतून खाली उतरलीच न्हाई. मी हुतो ना तितं."

सासूबाईंनी फडक्याची गाठ मारली. मुलीला मातीत ठेवायला सासरेच निघाले. त्यांनी तिला उपरण्यात घेतलं, तेव्हा मी बाजेवरून उठून दारापर्यंत गेले. डोक्यावर पदर होता की नव्हता, आठवत नाही.

"मामंजी," मी म्हणाले, "तिचं तोंड गंगेकडं करा. पलीकडं माझी आई हाय."

ते थांबले. माझ्याकडं बघून म्हणाले, "व्हय, पोरी."