लाल्याचा गळा

ब्रह्मपुरीच्या बस स्टँडवर बाबा मला निरोप द्यायला आले ते थेट कोंबडबाजारातल्या झुंजीवरून. सदऱ्यावर रक्त, बगलेत लाल्या. पायाला कातीचं धारदार पातं बांधून लढलेला हा कोंबडा जिंकला होता, पण त्याच्या घशात रक्त साचलं होतं. बाबांनी सगळ्यांदेखत त्याच्या चोचीला तोंड लावलं, रक्त ओढून घेतलं आणि थुंकले. मग मला म्हणाले, "पोचली का फोन करजो." मला किळस आली, आणि रडूही.

इथे जर्मनीत मी पेशी मरताना बघते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू आत शिरतो, पेशीच्याच जिवावर आपली पिलावळ वाढवतो आणि शेवटी तिलाच मारतो. प्रथिनं न बनवणारे पेशीतले आरएनए लोकांनी कित्येक वर्षं कचरा म्हणून सोडून दिले होते. त्यातले काही विषाणूशी लढतात. काही घरभेदे मात्र त्यालाच मदत करतात. कोणता कोणाच्या बाजूचा, हे शोधणं माझं काम.

मग बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या. आमच्या गल्लीतल्या कोंबड्या पटापट मेल्या. मी फोनवर ओरडले, "बाबा, लाल्याले तोंड लावू नोका!"

ते हसले. "तोंड नाई लावलं त तो वाचन कसा, पोरी?"

दुसऱ्या दिवशी कोंबड्या मारणारी सरकारी माणसं आली. धाकट्या भावाने घाबरून मला फोन लावला. माना मुरगळल्यावरची फडफड, आईचा आक्रोश, सगळं ऐकू येत होतं. लाल्याला धानाच्या कोठीत लपवून बाबा काती घेऊन दारात उभे होते. "आत आला त पोट फाडीन!" ते ओरडले. मग कोणीतरी किंचाळलं. एकाच्या हाताला काती लागली, भाऊ म्हणाला.

भावाने फोन बाबांच्या कानाला लावला. त्यांना धाप लागली होती.

"तू शिकली हायेस. तूच सांग. मारू काय त्याले?"

"मारा," मी म्हणाले.

त्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. त्याच कातीने स्वतः लाल्याचा गळा चिरला.

लाल्याला रोग होता की नव्हता, हे कोणी तपासलंच नाही. बाबा धडधाकट आहेत. मागच्या हिवाळ्यात मी घरी गेले तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून जेवू घातलं, लाल्याचं नावही काढलं नाही. घर म्हटलं की आता मला ते रिकामं अंगण दिसतं. निघायच्या दिवशी उठायला उशीर झाला, बस चुकली. मी चिडून विचारलं, "बाबा, उठवलं काऊन नाई?"

"उठवाले कोन राह्यलं आता?" बाबा म्हणाले.