मास्तरांच्या परसातली फरशी

"थांबा, आधी पायाला विचारू," असं म्हणून मास्तर वहाणा काढत आणि दगडावर उभे राहत. हात पाठीमागे, डोळे मिटलेले. नगरच्या स्टेशनाकडे फरशीची वखार होती, तिथे भर उन्हात हा प्रकार चाले. हमाल ओझं खाली ठेवून बघत, आणि मी त्यांच्यासोबतचा म्हणून मलाही त्या नजरा झेलाव्या लागत.

वखारवाला एकदा न राहवून म्हणाला, "मास्तर, फरशी डोळ्यानं बघत्यात. पायानं पसंत करनारं गिऱ्हाईक तुमीच पयले."

"कुठेतरी पहिला येऊ दे की रे," मास्तर म्हणाले. "वर्गात कधी आलो नाही."

मी त्यांच्याच मिशनशाळेत धाकटा शिक्षक होतो आणि राहायला त्यांच्या भिंतीला भिंत लावून. त्यांच्या परसात स्वयंपाकघराच्या दारापुढे एक आखूड ओटा होता. तो वाढवून पलीकडच्या विहिरीपर्यंत आणि कोपऱ्यातल्या संडासापर्यंत न्यायचा, एवढंच काम. लढाईचे दिवस होते, सिमेंट आमच्यासारख्यांना दिसायचंसुद्धा नाही. पण दगड, विटा आणि चुना मिळत होता. कुणीही शहाण्या माणसाने सरसकट शहाबादी अंथरून मोकळं व्हावं. मास्तर मात्र विटेवर उभे राहत, काळ्या दगडावर उभे राहत, मग पुन्हा विटेवर येत. माझा स्वभाव उतावळा. एका दुपारी मी जरा चिडूनच विचारलं, "मास्तर, यात एवढं काय ठरवायचंय?"

ते वहाणा घालून निघाले. परतीच्या वाटेवर एका लिंबाखाली थांबून म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय, माझी नजर जाणार. पुण्याला एकदा शस्त्रक्रिया करून बघू म्हणतात, पण त्यांच्याच आवाजात जोर नव्हता." मग वहाणेचा अंगठा सारखा करत म्हणाले, "मला विहिरीवर आणि संडासाला कुणाचा हात धरून जायचं नाहीये. बाकी देव नेईल तसं. एवढं मात्र माझं मला जमलं पाहिजे."

त्यानंतर मी घाई केली नाही.

त्यांनी ठरवलं ते असं. दारापासून विहिरीकडे उभ्या विटा. विहिरीभोवती न घडवलेला काळा दगड. तो टोचला की समजायचं, आता थांबा. संडासाच्या वाटेवर चुन्यात कालवलेल्या बारीक खडीचा पट्टा आणि मधे बसण्यापुरती शहाबादी. गवंडी मान हलवत कामाला लागला. काम अर्धं झालं आणि मास्तरांना पुण्याचं बोलावणं आलं. मास्तरीणबाई सोबत गेल्या. शाळेला सुटी लागली होती, मीही सोनईला माझ्या गावी गेलो. गवंडी गावच्या जत्रेला म्हणून जो गेला तो तिकडेच रमला.

पुढे काय झालं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. ज्याने आयुष्यभर मुलांवर माया केली त्याच्या वाट्याला येतो तोच प्रकार. मास्तरांचे जुने विद्यार्थी घर बघायला आले. त्यांतला एक आता लष्करी कॅम्पात बांधकामाचे ठेके घेत होता. परसात इथे विटा, तिथे दगड, पलीकडे खडी बघून त्याचा जीव कळवळला. मास्तरांना परवडलं नाही म्हणून त्यांनी ठिगळं लावलीत, असं पोरांना वाटलं. त्यांनी सगळं उखडलं. दाराच्या उंबऱ्यापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत आणि संडासापर्यंत एकसारखी शहाबादी बसवली, घासून घासून आरशासारखी केली. उन्हातान्हात स्वतः खपले बिचारे.

मास्तर परतले ते नजर घालवूनच. मी सोनईहून आलो होतो. पोरं हार घेऊन उभी होती. त्यांनी मास्तरांना मागच्या दारी नेलं आणि ठेकेदार म्हणाला, "मास्तर, वहाणा काढा. आमची गुरुदक्षिणा हाय."

मास्तरांनी पाय ठेवला. पुढे सरकवला. उजवीकडे नेला, डावीकडे नेला. सगळीकडे तेच. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं क्षणभर पुसलं गेलं, ते मी पाहिलं. मग ते हसले.

"फार सुंदर झालंय रे," ते म्हणाले. "माझ्या बापजाद्यांच्या दारात असं नव्हतं." आणि त्यांनी हात पुढे केला. एका विद्यार्थ्याने तो धरला आणि त्यांना परत आत आणलं.

मी नंतर म्हणालो, "निम्मं तरी काढून टाकू."

"नाव काढू नका," मास्तर म्हणाले; ते मला असं कधी रागावले नव्हते. "पोरांनी घाम गाळलाय त्यावर. त्यांना हे कळता कामा नये. शपथ आहे तुम्हाला."

मग ते दुपारनंतर पाणी पिईनासे झाले. संध्याकाळचा चहा सोडला. जीभ कोरडी पडली तरी "नको, तहान नाही" म्हणायचे. पुन्हापुन्हा बायकोचा हात धरून संडासाला जावं लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप. मास्तरीणबाई हे सगळं बघत होत्या. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या.

एका रविवारी त्या मला म्हणाल्या, "यांना उपासनेला तुम्ही न्या. मी घरी थांबते." मास्तरांची काठी राहिली म्हणून मी मधेच परत आलो, तर परसात जात्यांना टाकी लावणारी, म्हणजे त्यांचा दगड टोचून खरबरीत करणारी बाई छिन्नी-हातोडी घेऊन बसलेली.

"जातं कुठं हाय?" ती विचारत होती.

"जातं नाही. या फरशीला टाकी लावायची आहे."

"आवं बाई, फरशीला टाकी लावत्यात व्हय कुनी? लोक लई पैका घालून गुळगुळीत करत्यात."

"मी सांगते तिथे लाव. हळू मार, तडकेल. दारापासून संडासापर्यंत एक पट्टा, विहिरीकडे दुसरा. आणि विहिरीजवळ चांगली खोल लाव, पायाला टोचू दे."

आम्ही परतलो तेव्हा बाईंनी मास्तरांना मागच्या दारात नुसतं उभं केलं आणि हात सोडून दिला. मास्तरांनी पाय टाकला आणि थबकले. खाली बसून त्यांनी फरशीवर तळहात फिरवला. मग उठून एकटे विहिरीपर्यंत गेले, जिथे टोचलं तिथे थांबले आणि तिथूनच ओरडले, "अगं, चहा टाक!"

नंतरची वर्षं ते त्याच वाटांनी एकटे फिरले.

ते गेले तेव्हा सगळे विद्यार्थी जमले होते. दफनभूमीतून घरी आल्यावर हातपाय धुवायला माणसं परसात गेली. ठेकेदाराची नजर फरशीवर पडली.

"बाई, हे काय झालं हो? सगळी खडबडीत झालीया."

"पाणी सांडून पाय घसरायचा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मंग मला न्हाई का सांगायचं? उद्या मानूस लावतो, घासून व्हती तशी करून देतो. मास्तरांची आठवन हाय ती, अशी नगं."

"नको रे बाळा," त्या म्हणाल्या. "एवढं करू नकोस."

दफनभूमीत कोरड्या डोळ्यांनी उभ्या राहिलेल्या बाई तेव्हा रडल्या. ठेकेदाराला वाटलं, आपल्या मायेनेच त्यांना भरून आलं. तो त्यांच्या पायाशी बसला आणि तोही रडू लागला. मला घातलेली शपथ मला आठवत होती. मी दोघांसाठी पाणी आणायला आत गेलो.