गुणाबाईंनी सांभाळलेला नारळ

दिलेला शब्द पाळण्याचे व्रत आपल्या पूर्वसूरींनी राजेलोकांकडे सोपवले होते, आणि त्यात त्यांचा व्यवहार मोठा चोख होता. राजाने शब्द पाळला की राज्य जाते, यथावकाश देव प्रसन्न होतो आणि राज्य सव्याज परत मिळते. सामान्य माणसाने शब्द पाळला की जे जाते, ते परत आणून देण्यास कोणताही देव विमानातून उतरत नाही. पुढे राजे गेले, लोकशाही आली. हे व्रत मग कोणाच्या पदरात पडले, याचा शोध सहसा कोणी घेत नाही. पुढाऱ्यांच्या पदरात नाही, एवढे आपण सारेच जाणतो. माझ्या माहितीत तरी काही वर्षे ते पनवेलच्या मासळी बाजारात एका ओट्यावर बसून निवटे विकत होते.

त्या ओट्याच्या स्वामिनी गुणाबाई. गव्हाणच्या बाजूला, खाडीला लागून असलेल्या एका कोळीवाड्यातल्या. यजमान लवकर गेले. एकुलती लेक किशोरी गावातच दिलेली, वरच्या आळीतून खालच्या आळीत. अंतर इतके की इकडे फोडणी पडली तर तिकडे शिंक यावी. परंतु वरची आळी एका पक्षाची आणि खालची दुसऱ्याची. या पक्षांची खरी नावे मी सांगत नाही. वाचकाने आपल्याला नकोसे असलेले कोणतेही दोन घ्यावेत, वृत्तान्तात तिळमात्र फरक पडणार नाही. सोयीसाठी आपण त्यांना छत्री आणि कपबशी म्हणू.

दोन हजार दोनच्या पंचायत समितीच्या निवडणुकीत छत्रीचा पराभव झाला. तालुक्याचे छत्रीचे नेते प्रभाकरशेट संतापाने लालबुंद होऊन कोळीवाड्यात आले आणि गावदेवीच्या मंडपात त्यांनी सभासदांना एका नारळावर हात ठेवायला लावला. शपथ अशी : कपबशीवाल्यांशी बोलणार नाही, त्यांच्या घरचे पाणी पिणार नाही. तिकडची रीत अशी की शपथेचा नारळ शपथ असेतो सांभाळायचा, आणि ती सोडवायची झाल्यास ज्याने घातली त्यानेच देवीपुढे तो फोडायचा. मग सर्वांनी खोबरे खायचे. शेटनी इकडेतिकडे पाहिले. समोर गुणाबाई होत्या.

"तुज्याकडं ऱ्हाऊ दे, गुणाबाय," असे म्हणून शेट गाडीत बसले आणि गव्हाणचा फाटा येईपर्यंत सारे विसरले.

गुणाबाई विसरल्या नाहीत. जावई कुंदन कपबशीचा. म्हणजे किशोरीचे घर बंद. पुढल्याच वर्षी तिला मुलगी झाली, रोशनी. बारशाला आजी नव्हती. शेजारणींनी समजावले, "लेकीला कुठं धरत्यात गो शपथेत?" गुणाबाई म्हणाल्या, "नारलाला काय म्हायत, लेक कोन आन विरोधी कोन?"

बाजारात मात्र दैवाने मायलेकींचे ओटे लगतच ठेवले होते. दोघी एकमेकींकडे पाठ करून बसत आणि मध्ये जे गिऱ्हाईक उभे असेल त्याच्या मुखाने बोलत. मीही अनेकदा ते गिऱ्हाईक होतो.

"मास्तर, तिला बोला, पोरीला खोकला हाय तं अडुळशाचा काढा दे."

"मास्तर, तिला बोला, कालच दिला."

"तिला बोला, मध घातला का?"

"तिला बोला, मध घेऊन तूच ये घरी."

यावर पहिला ओटा निवट्यांवर उगाच पाणी शिंपडीत राही. विरहिणींचे निरोप नेणारे हंस आणि पोपट संस्कृत काव्यात अमर झाले. मला फार तर एखादा निवटा अधिक मिळाला.

मग दोन हजार सातची निवडणूक आली. तालुक्यात कोणालाच बहुमत मिळाले नाही, आणि छत्री व कपबशी यांना अकस्मात परस्परांमध्ये अनेक सद्गुण दिसू लागले. नेत्यांच्या गळाभेटीचे छायाचित्र छापून आले. त्यात दोघांचेही डोळे मिटलेले होते, आनंदाने की लज्जेने ते सांगता येत नाही. सभापतिपद प्रभाकरशेटना मिळायचे ठरले. अडचण एकच होती. छत्रीच्या दोन-तीन गावांतल्या सभासदांनी या युतीस पाठिंबा देण्याचे साफ नाकारले होते, आणि आणखी एक गाव नाही म्हणाले असते तर पक्षातल्या वरच्या मंडळींनी सगळेच गुंडाळले असते. उरलेले गाव हा कोळीवाडा.

सभा त्याच मंडपात भरली. शेट विकासावर बोलले, व्यापक हितावर बोलले. शब्द एवढे व्यापक झाले की त्यांत हिताला जागा उरली नाही. शेवटी त्यांनी युतीला पाठिंबा देणाऱ्यांना हात वर करण्यास सांगितले. हात वर झाले. त्यांच्यामधून गुणाबाई उठल्या, पदराखालून तो नारळ काढला आणि शेटच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो आधी फोडा, शेट."

शेटना प्रथम तो सत्काराचा वाटला. मग ओळख पटली.

"अगो गुणाबाय, ती शपथ भावनेच्या भरात झाली."

"भावना तुमची व्हती, शेट. हात आमचा व्हता."

"युती वरून ठरलीय. आपल्या हातात काय हाय?"

"नारल बी वरूनच पडतो. खाली कोन बसलाय ते बगून पडत नाय."

मंडप हसला, पण वर गेलेले हात एकेक करून खाली आले. शपथ अजून जिवंत आहे, हे एकाएकी सर्वांच्या ध्यानात आले, आणि प्रत्येकाला आपापले पाप आठवले. गणू नावाचा सभासद अपराधी सुरात म्हणाला, "मी तं गेल्या साली त्यांच्या हलदीला जेवून आलो."

"पानी पिलास?"

"मटन तिकट व्हतं, गुणाबाय. काय करू?"

मागून कोणी म्हणाले, "शेट तं त्यांच्या पुढाऱ्यासंगती कर्नाळ्याच्या ढाब्यावर बसतात!"

"शेटना नाव ठेवू नका," गणूने बाजू घेतली, "मी व्हतो गाडीत. पानी कोनीच नाय पिलं."

या साक्षीनंतर शेटना नारळाशिवाय गत्यंतर राहिले नाही. तरी त्यांनी तो गावातल्या पुजाऱ्याकडून फोडून घेण्याची सूचना मांडून पाहिली. गुणाबाई नारळावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"शेट, माजी नात चार वर्सांची झाली. मी तिला गिऱ्हाइकाच्या तोंडानं हाक मारते. तुमची खुर्ची तुमी कवाबी घ्या. मला माज्या पोरीच्या घरी पानी प्याचं हाय, आन देवीला सांगून प्याचं हाय. तुमी घातली, तुमीच सोडवा."

शेट देवीपुढे गेले. पायरीवर त्यांनी नारळ आपटला. पाणी केव्हाच आटलेले. आत सुकलेला, पिवळसर गोटा निघाला. रीतीप्रमाणे सर्वांनी तो खाल्ला. शेटनी मोठा तुकडा उचलला, चावला, आणि पक्षशिस्तीने चेहरा स्थिर ठेवला. युतीची पहिली चव अशी खवट निघाली.

हात पुन्हा वर गेले, या खेपेस एकमताने. एकमताने म्हणजे गुणाबाई सोडून. कारण हात मोजले जात असता त्या मंडपात नव्हत्या. खोबऱ्याचा तुकडा तोंडात घोळवीत त्या केव्हाच खालच्या आळीकडे निघाल्या होत्या. ज्या बाईने ती युती शक्य केली, तिचे मत त्या युतीला कधी पडलेच नाही.

किशोरी दारात मासे वाळत घालीत होती. आईला पाहून ती उभी राहिली. गुणाबाईंनी सवयीने शेजारीपाजारी कोणी गिऱ्हाईक दिसते का ते पाहिले.

"आये, कोनाला शोधतंस? तोंडानं बोल."

"पानी दे," गुणाबाई म्हणाल्या.

रोशनीने तांब्या आणला. पुढे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. माझी दूतकर्मातून निवृत्ती झाली होती.

युती दिवाळीपर्यंतही टिकली नाही. कोणी कोणाला फसवले याविषयी दोन्ही पक्षांची स्वतंत्र सत्ये आहेत. सभापतिपद गमावलेले प्रभाकरशेट पुन्हा लालबुंद होऊन कोळीवाड्यात आले, या खेपेस नवा नारळ घेऊन. गुणाबाईंनी तो हातात घेतला, कानाशी हलवून पाहिला.

"पानी चांगलं हाय. ठेवा, शेट. आज चिंबोऱ्या आनल्यात, कालवनात घालीन."

आणि घातला. त्या खेकड्यांचे वाडगाभर कालवण खालच्या आळीत गेले.

गुणाबाईंना जाऊन आता दोन वर्षे होतील. बाजारातला त्यांचा ओटा किशोरी चालवते, स्वतःच्या ओट्याला जोडून. त्या कोळीवाड्यात पक्ष अजून दोन आहेत. नारळावर शपथ मात्र त्यानंतर कोणी घातलेली नाही.